तोसदान, काडतूस आणि सहाबारी : दारूगोळा वाहण्याच्या व भरण्याच्या मराठी शब्दांचा ऐतिहासिक विचार

सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरच्या उत्तरेस करकंब हे मोठे गाव आहे. तेथून फार दूर नसलेल्या आष्टी या गावी २० फेब्रुवारी १८१८ रोजी जी लढाई झाली तिने पेशवाईचा लष्करी शेवट जवळ आणला. जनरल स्मिथच्या घोडदळाने दुसऱ्या बाजीरावाचा तळ गाठला, बाजीराव निसटला, त्याची माघार सांभाळण्यासाठी मागे राहिलेले सेनापती बापू गोखले रणांगणावर पडले, आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. हा सर्व वृत्तान्त सुपरिचित आहे. या भीमाकाठच्या लढाईविषयी लिहिताना मात्र एक चित्र वारंवार रेखाटले जाते : एका बाजूस भाला-तलवारीचे जुने युद्ध, दुसऱ्या बाजूस पिस्तुलांच्या अखंड फैरी. हे चित्र कालविपर्यस्त आहे. १८१८ साली कोणत्याही स्वाराजवळ ‘अखंड फैरी’ झाडणारे पिस्तूल नव्हते. त्याच्या पिस्तुलात एकच बार असे. तो उडाला की घोड्याच्या पाठीवर ते पुन्हा भरणे जवळजवळ अशक्य असे.

हातातील शस्त्र किती घातक आहे यापेक्षा त्याचा पुढला बार कोठे ठेवला आहे आणि तो किती वेळात भरता येतो, हा प्रश्न बंदुकीच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा ठरला आहे. आपल्याकडील इतिहासलेखनात तोफा, बंदुका, त्यांची संख्या व त्यांचे कारखाने यांचा ऊहापोह पुष्कळ झाला; बंदूकधाऱ्याच्या कमरेला काय होते याचा विचार त्या मानाने थोडा झाला. या बाबतीत एक साधन मात्र हाताशी आहे, ते म्हणजे मराठी भाषा. दारू वाहण्याच्या आणि बार भरण्याच्या क्रिया ज्या क्रमाने बदलत गेल्या, त्या क्रमाचे थर मराठी शब्दसंग्रहात बऱ्याच अंशी शाबूत आहेत. त्यांची छाननी केली असता आष्टीच्या रणांगणापासून आजच्या लहान नळीच्या रिव्हॉल्व्हरपर्यंतचा मार्ग पुष्कळसा उलगडतो.

सर्वांत जुना थर तोड्याच्या बंदुकीचा. तोडा अथवा जामगी म्हणजे सतत धुमसत राहणारी वात. बंदूकधाऱ्याला ही पेटती वात सांभाळायची, शिंगड्यातून दारू मोजून नळीत ओतायची, पिशवीतून गोळी काढून तोंडातून सोडायची, वर कापडाचा वा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचे, मग कानाजवळ बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची आणि शेवटी वात टेकवायची, अशी कामे एकापाठोपाठ करावी लागत. ‘ठासणीची बंदूक’ हे नाव या क्रियेतील सर्वांत कष्टाच्या पायरीवरून पडले. ‘तोफ डागणे’ या प्रयोगातील ‘डागणे’ म्हणजे विस्तवाने चटका देणे, आणि ‘बत्ती देणे’ म्हणजे वात टेकवणे. तोडा जाऊन दोन शतके होत आली तरी मराठी माणूस अजून तोफ डागतोच, आणि प्रश्नांची सरबत्ती करताना आपण ओळीने दिलेल्या बत्तीचा उल्लेख करीत आहोत हे त्याच्या ध्यानातही नसते.

या थरातील शब्दांचे एक लक्षण नजरेत भरते. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पात्र आहे. दारूला शिंगडे, रंजकेला तिची वेगळी दाणी, गोळ्यांना पिशवी, वातीला गुंडाळी. दारूगोळा अजून ‘एक’ झालेला नव्हता. तो सुटा, मोजून घेण्याचा माल होता. त्यामुळे बार भरणे हे एक प्रकारचे मापारीपणाचेच काम होते. घाईत दारू कमी पडली तर बार फुसका जाई, अधिक पडली तर नळीला धोका. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार आज राजकीय सभांच्या वर्णनात भेटतो. त्याचा उगम या मापाच्या चुकीत किंवा ओल्या दारूत आहे. दारू ओली होणे हे पश्चिम महाराष्ट्राच्या पावसाळ्यात किती मोठे संकट असेल ते निराळे सांगावयास नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा व दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून वाळवून पुन्हा नीट ठेवावी, या आशयाची दक्षता सांगितलेली आहे. राज्यकर्त्याची चिंता अर्थातच कोठाराची होती. शिपायाच्या शिंगड्यातील दारूची काळजी ज्याची त्यानेच घ्यावयाची.

‘बार’ हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. बंदुकीत एका वेळी घातलेला भरणा, तो उडाल्याचा आवाज आणि ती उडवण्याची एक खेप या तिन्ही अर्थांनी तो मराठीत वावरतो. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. ‘बारगीर’ या शब्दात तोच आहे. बंदुकीवर लादलेले ओझे तो बार, असा अर्थविस्तार मानणे सयुक्तिक दिसते. फारसीतील ‘वेळ, खेप’ या अर्थाच्या ‘बार’चाही त्यात वाटा असू शकेल, आणि ‘खेप’ हा अर्थ मराठीत रुळण्यास त्याचेच साहाय्य झाले असावे. ते कसेही असो. मोजणीचे एकक गोळी नसून बार होते. जुन्या कागदांत बारांची संख्या वाचताना तिचा अर्थ ‘तितक्या गोळ्या’ असा करणे म्हणूनच धोक्याचे. कडाबिनीच्या एका बारात अनेक बारीक गोळ्या जात.

शिवकालात रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो प्रयत्न कारभाराच्या काही क्षेत्रांत यशस्वी झाला; प्रधानांची नावे हे त्याचे ठळक उदाहरण. दारूगोळ्याच्या क्षेत्रात मात्र तो रुजला नाही. कारण उघड आहे. हे शब्द दरबारात वापरावयाचे नव्हते. ते गोलंदाज, बरकंदाज, लोहार आणि दारू कुटणारे यांच्या तोंडचे होते, आणि अशा लोकांची भाषा आज्ञेने बदलत नाही.

दुसरा थर काडतुसाचा. एका बारापुरती दारू आणि एक गोळी कागदाच्या नळकांडीत आगाऊ बांधून ठेवायची, ही कल्पना दिसायला किरकोळ आहे. पण बंदुकीच्या इतिहासात हिच्याइतकी परिणामकारक कल्पना दुसरी क्वचितच सापडेल. मापारीपणाचे काम रणांगणावरून उचलून ते आदल्या दिवशीच्या निवांत वेळेत नेण्यात आले. शिपायाने काडतूस काढावे, दातांनी कागद फाडावा, थोडी दारू रंजकेसाठी टाकून उरलेली नळीत ओतावी, कागदासकट गोळी ठासावी आणि चाप ओढावा. इंग्रजी पायदळाच्या बंदुकीचे नळीचे तोंड सुमारे पाऊण इंचाचे असे व गोळी त्याहून मुद्दाम थोडी लहान असे. नेम त्यामुळे ढिला होई, पण गोळी सहज आत जाई. वेगासाठी अचूकपणा सोडण्याचा हा उघड सौदा होता. कवायत झालेला शिपाई मिनिटास तीन बार करी. तोड्याच्या बंदुकीने एक बार करावयासही बहुधा मिनिटाहून अधिक लागे. युरोपीय पायदळाच्या शिपायाजवळ सुमारे ६० काडतुसे असत.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला असे कोशांत सामान्यतः सांगितले जाते. ही व्युत्पत्ती ग्राह्य असली तरी तिच्यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ‘र’च्या जागी आलेल्या ‘ड’ची. हिंदीत ‘कारतूस’ असे रूप असून त्यात ‘र’ टिकला आहे. मराठीत मात्र ‘ड’ आहे. हा अपवाद मानण्याचे कारण नाही, कारण ‘काराबिना’पासून मराठीत ‘कडाबीन’ झाले आहे आणि तेथेही हाच बदल दिसतो. एकाच व्यवसायातील दोन परकी शब्दांत एकच ध्वनिपरिवर्तन आढळावे यावरून ते एकाच प्रकारच्या तोंडांतून, म्हणजे छावणीच्या बोलीतून, आले असावेत. ‘काडी’ या शब्दाच्या आभासाने ‘काडतूस’ला आधार मिळाला असेल, पण ‘कडाबीन’ला तसा आधार नाही, तेव्हा लोकव्युत्पत्तीवर फार भर देणे इष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज भाषेत या शब्दातील ऊष्म ध्वनीचा उच्चार ‘च’सारखा होता, पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत तो ‘श’कडे झुकला. मराठीने किल्लीसाठी उचललेला ‘चावी’ हा पोर्तुगीज शब्द जुना ‘च’ राखून आहे. काडतुसात मात्र ‘स’ आहे. म्हणजे काडतूस हा शब्द चावीच्या पिढीतला नव्हे. तो एक तर उशिरा आलेल्या पोर्तुगीज उच्चारावरून आला, किंवा फ्रेंच ‘कार्तूश’वरून. दख्खनमध्ये बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या पायदळाचा आणि ‘गारदी’ या फ्रेंच मूळच्या शब्दाचा विचार करता दुसऱ्या शक्यतेकडेही दुर्लक्ष करता येत नाही. दोहोंतून एकीची निवड केवळ ध्वनींच्या आधारे होणार नाही. तथापि दोन्ही वाटा एकाच निष्कर्षाकडे जातात : बंदूक महाराष्ट्रात जुनी आहे, काडतूस तिच्या मानाने फार नवे आहे. मधल्या काळात मराठी बंदूकधारी शिंगडे आणि पिशवी घेऊनच लढत होता.

काडतूस आले की ते ठेवायचे कशात, हा प्रश्न आलाच. शिंगडे कुचकामी झाले. कागदी नळकांडी चुरगळू नयेत, भिजू नयेत आणि हाताला एकेक करून लागावीत यासाठी चामड्याची झाकणाची पेटी हवी होती. या पेटीला मराठीत ‘तोसदान’ म्हणत. शब्द फारसी आहे; ‘तोशा’ म्हणजे प्रवासाची शिदोरी आणि ‘दान’ म्हणजे ठेवण्याचे पात्र. शिदोरीच्या डब्याचे नाव काडतुसांच्या पेटीला मिळाले. ‘तोशाखाना’ या शब्दात तोच पहिला अवयव दिसतो. हे नामकरण कोणा विनोदी शिपायाने केले की दोन्ही पेट्या खांद्यावरून सारख्याच लोंबत म्हणून ते झाले, याचा निवाडा करण्याची गरज नाही. शिंगड्यातील दारू हे साहित्य होते. तोसदानातील काडतूस हे तयार अन्न होते. भाषेने हा फरक अचूक टिपला असे म्हणता येईल.

येथे एका रूढ मताचा विचार केला पाहिजे. मराठ्यांचा पराभव मागासलेल्या शस्त्रांमुळे झाला, हे मत पुष्कळ काळ प्रचलित होते. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात १८०३ च्या युद्धाचा बारकाईने अभ्यास करून ते खोडून काढले आहे; शिंद्यांच्या कंपूंजवळील तोफा व बंदुका इंग्रजांच्या तोडीच्या होत्या, आणि निर्णायक ठरला तो लष्करी मनुष्यबळाच्या बाजारपेठेवरील पैशाचा ताबा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. शब्दांचा पुरावा या प्रतिपादनाला एक पुरवणी जोडतो. इब्राहिमखानाचे गारदी आणि पुढे महादजी शिंद्यांचे कंपू यांच्याबरोबर काडतूस व तोसदान मराठी फौजेत शिरले, पण ते पायदळाचे सामान म्हणून. काडतुसे वळण्यासाठी कागद, शिसे, मापाची दारू, मोकळे हात आणि नियमित पगारावर काम करणारी माणसे लागतात. ज्या फौजेचा खर्च सरंजामावर आणि स्वारीच्या प्राप्तीवर चालतो तिच्यातील स्वाराने हे सर्व स्वतःच्या पदरचे करावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. तोसदान भरलेले असणे ही मुळात कारखान्याची आणि पगाराची बाब आहे, शौर्याची नव्हे.

आता आष्टीकडे पुन्हा वळता येईल. त्या दिवशी समोरासमोर आले ते दोन्ही बाजूंचे घोडेस्वार. इंग्रजांकडे मद्रास घोडदळाच्या पलटणी व ड्रॅगूनांच्या तुकड्या होत्या. गोखल्यांनी नाल्याच्या अडचणीच्या जागेचा लाभ घेऊन त्यांच्यावर घोडी घातली. इंग्रज स्वाराजवळ पिस्तूल खोगिराच्या पुढल्या अंगास बांधलेल्या चामडी खोळीत असे. ते चकमकीच्या चापाचे आणि एका बाराचे. पळत्या घोड्यावर काडतूस फाडून रंजक टाकणे, दुसऱ्या हाताने लगाम सांभाळणे, नळी वर करून गज चालवणे हे किती कठीण असेल याची कल्पना एका गोष्टीवरून येते : गज हातातून पडून नाहीसा होऊ नये म्हणून तो नळीलाच बिजागरीने अडकवण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश घोडदळाच्या पिस्तुलांत करण्यात आली होती. गज पडत होते म्हणूनच ही सोय करावी लागली.

तेव्हा आष्टीच्या झटापटीत दोन्ही पक्षांजवळ अग्निशस्त्राची एकेक संधी होती, आणि ती संपल्यावर उरली ती तलवार व भाला. जनरल स्मिथच्या स्वतःच्या डोक्यास जखम झाली यावरून ही झुंज किती जवळून झाली ते कळते. गोखल्यांचा पराभव इंग्रजांच्या पिस्तुलांनी केला नाही. तो तुकड्या न फुटता वळवण्याच्या कवायतीने आणि पेशव्याच्या पळाने केला. ‘फैर’ हा शब्द मराठीत इंग्रजीवरून आला आहे, आणि त्याचा मूळ संबंध पायदळाच्या एकत्र उडणाऱ्या बारांशी आहे. आष्टीच्या स्वारांच्या हाती ‘फैरी’ देणे म्हणजे पुढील पन्नास-साठ वर्षांतील यंत्र मागे नेऊन बसवणे होय.

ते यंत्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. फिरत्या नळकांड्यात पाच-सहा खाने, आणि प्रत्येक खान्यात स्वतंत्र बार. मराठीत त्याला ‘सहाबारी’ म्हणू लागले ते यथार्थ आहे. या नावात नळ्या मोजलेल्या नाहीत, बार मोजलेले आहेत. स्वाराची जुनी अडचण मात्र यामुळे मिटली नाही, ती पाच बार पुढे ढकलली गेली. कोल्टच्या आरंभीच्या शस्त्रांत प्रत्येक खान्यात दारू ओतून, गोळी दाबून, मागल्या बाजूस टोपी बसवावी लागे. सहा बार काही क्षणांत संपत आणि भरण्यास काही मिनिटे लागत. म्हणून लोक दोन-दोन पिस्तुले बाळगीत, किंवा भरून ठेवलेले जादा नळकांडे खिशात ठेवून रिकामे नळकांडे काढून ते बसवीत. एकेक बार न भरता सर्व बार एकदम बदलण्याची कल्पना येथे प्रथम दिसते.

१८५७ हे साल या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी हिंदुस्थानात एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या, दातांनी फाडावयाच्या कागदी काडतुसांवरून असंतोषाचा भडका उडाला. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी धातूच्या पुंगळीचे काडतूस वापरणारे पहिले लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची नळी इंचाच्या शंभर भागांतील २२ भागांची, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटरची होती, आणि त्यात सात बार मावत. नळकांड्याचे खाने आरपार कोरलेले असल्याने ते मागून भरता येई. दारू, गोळी आणि पेटवण्याचे द्रव्य या तिन्ही वस्तू पितळी वा तांब्याच्या एका पुंगळीत आल्या. दातांनी फाडणे, ओतणे, ठासणे, रंजक घालणे या सर्व क्रिया एकदम लोपल्या. ‘भरणे’ एवढेच क्रियापद शिल्लक राहिले, आणि त्याचा अर्थही आता ‘आत सरकवणे’ इतकाच उरला.

लहान नळीपासूनच या सुधारणेचा आरंभ व्हावा याचे कारण साधे आहे. त्या वेळचे पातळ पत्र्याचे कवच मोठ्या दारूचा दाब सहन करीत नसे. छोट्या काडतुसाचे गुण व दोष दोन्ही तेव्हापासून चालत आले आहेत. या २२ च्या नेहमीच्या गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम भरते; ३२ च्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीचे सुमारे सहा; ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या ४५५ या जाड वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या गोळीचे सतरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका जाड गोळीच्या वजनात सहा-सात बारीक गोळ्या नेता येतात. वाहणाऱ्याला हे सोयीचे. भरणाऱ्याला मात्र नाही. इवलेसे काडतूस बोटांत धड बसत नाही, घामेजल्या वा गारठलेल्या हातातून निसटते, आणि एकमेकांना चिकटून असलेल्या खान्यांत ते एकेक करून बसवताना नजर तेथेच गुंतवावी लागते. ओझे हलके झाले तेवढी बोटांची कसरत वाढली.

भरण्याइतकाच रिकाम्या पुंगळ्या काढण्याचा प्रश्न होता. तोड्याच्या काळात तो उद्भवतच नव्हता, कारण मागे काही उरतच नसे. कोल्टच्या १८७३ च्या सुप्रसिद्ध रिव्हॉल्व्हरमध्ये बाजूच्या लहान दारातून एकेक पुंगळी दांड्याने ढकलावी लागे व त्याच दारातून एकेक काडतूस घालावे लागे. स्मिथ-वेसनच्या १८७० च्या नमुन्यात सांधा उघडून नळी खाली वाकवली की सर्व पुंगळ्या एकदम बाहेर पडत. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या वेब्लीतही हीच योजना आहे. पुंगळ्या एकदम पडू लागल्यावर काडतुसेही एकदम घालता यावीत ही इच्छा ओघानेच आली. इंग्लंडमधील प्रिदो नावाच्या एका दंतवैद्याने १८९३ साली अशा साधनाचे पेटंट घेतले : सहा काडतुसे खान्यांच्याच मांडणीत धरून ठेवणारी धातूची चकती, ती नळकांड्यावर दाबताच काडतुसे आत जातात आणि चकती मोकळी होते. पहिल्या महायुद्धात काही ब्रिटिश अधिकारी ती खाजगी खर्चाने घेऊन वापरीत.

काडतुसे बाळगण्याची रीतही बदलत होती. पुंगळी स्वतःच पाण्यापासून बारचे रक्षण करू लागल्यावर झाकणाच्या पेटीची गरज कमी झाली आणि कमरपट्ट्यावर ओळीने शिवलेली चामड्याची घरे आली. पुढे एक नवाच उपद्रव निघाला. कमावलेल्या चामड्यातील द्रव्यांचा पितळेशी संयोग होऊन पुंगळीवर हिरवा कळंक चढे, आणि असे काडतूस खान्यात अडकून बसे. जे पात्र दारूला पावसापासून वाचवण्यासाठी निर्माण झाले तेच आता काडतुसाचा नाश करू लागले. कापडी विणीचे पट्टे प्रचारात आले त्याचे हे एक कारण होय.

महाराष्ट्राचा या धातूच्या काडतुसाशी संबंध फार लवकर आला. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना १८६९ साली निघाला. रिव्हॉल्व्हरच्या ३२ च्या काडतुसांवर आढळणारी ‘के. एफ.’ ही अक्षरे याच कारखान्याची आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे असून त्या कंपनीचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. ही काडतुसे ज्यात जातात ते ३२ चे रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कारखान्यात वेब्लीच्या धर्तीवर तयार होत आले आहे. २०१४ साली तेथूनच ‘निर्भीक’ या नावाने त्याची अधिक हलकी आवृत्ती निघाली. नळी वाकवून सर्व पुंगळ्या एकदम टाकण्याची १८७० ची युक्ती अशा रीतीने अजून जिवंत आहे.

कारखाना येथे असला तरी काडतूस लोकांच्या हाती गेले नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याचे तत्त्व कायम ठेवले. परवान्यावर शस्त्राबरोबर काडतुसांची संख्याही नोंदलेली असते. याचा भाषेवर झालेला परिणाम कोणी फारसा लक्षात घेतलेला नाही. बार, रंजक, गज, तोडा हे शब्द शेकडो माणसांच्या रोजच्या हाताळणीतून झिजून गुळगुळीत झाले होते. रिव्हॉल्व्हरच्या अवयवांना तसे शब्द मिळण्याइतके हात मराठीत कधी लागलेच नाहीत. जे मिळाले ते पोलिसी पंचनाम्यातून आणि वृत्तपत्रांतून. ‘जिवंत काडतूस’ हा प्रयोग उघडच इंग्रजीची छाया आहे. ‘पुंगळी’ मात्र अस्सल घरची.

क्रांतिकारकांच्या इतिहासात या शस्त्रांचे उल्लेख येतात ते भरण्याच्या संदर्भात नव्हे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर वापरले ते ब्राउनिंग पिस्तूल. त्यात काडतुसांची पेटीच मुठीत सरकवली जाते, म्हणजे तोसदान शस्त्राच्या पोटात गेले. सोलापूरशी जोडलेली घटना २२ जुलै १९३१ ची आहे. १९३० च्या सोलापुरातील मार्शल लॉचा सूड म्हणून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडले. गोळी हॉटसन यांच्या छातीवरील खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि ते बचावले. दोन बार झाले न झाले तोच गोगटे धरले गेले. उरलेल्या बारांचा काही उपयोग झाला नाही, मग जादा काडतुसांची गोष्ट दूरच. बारांची संख्या आणि भरण्याचा वेग यांचे महत्त्व रणांगणावर असते; असल्या प्रसंगी पहिला बारच काय तो खरा.

आजच्या वृत्तपत्रांत भेटणारा ‘गावठी कट्टा’ पाहिला की हा इतिहास अर्धा उलटा फिरल्यासारखा वाटतो. त्याचे काडतूस कारखान्याचे, अद्ययावत. पण शस्त्र बहुधा एका बाराचे, म्हणजे आष्टीच्या स्वाराच्या खोगिरातील पिस्तुलाच्या जातीचे. नेमबाजीच्या क्रीडाक्षेत्रात मात्र प्रिदोच्या चकतीचे आधुनिक वंशज वापरले जातात, आणि मराठी नेमबाज त्यांना ‘स्पीड लोडर’ म्हणूनच ओळखतात. शिदोरीच्या डब्यावरून काडतुसांच्या पेटीला नाव देणाऱ्या भाषेने या चकतीला अद्याप नाव दिलेले नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाच्या पानांतून तोसदान, जामगी, रंजक यांचे अर्थ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते शब्द मृत वाटतात. पण त्यांच्याच घराण्यातील ‘बार’ प्रत्येक लग्नसराईत उडतो आहे.